काटकुळे पोर आणि रक्तातली साखर: वाढत्या वयातली संप्रेरके सर्वांची सारखी का नसतात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या यादीत गोव्याचे नाव सर्वांत वर होते. विशीपुढच्या लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे साधारण चार माणसांमागे एकाला हा आजार. या आकड्याची चर्चा आपल्याकडे बहुधा पन्नाशी गाठलेल्यांपुरतीच होते. पण त्यांच्या रक्तात आज जे दिसते आहे त्याची सुरुवात शाळेच्या वयात, काही अंशी तर जन्माआधीच झालेली असते, आणि ती सगळ्यांमध्ये सारखी होत नाही. एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या आणि एकाच वजनाच्या दोन मुलांच्या शरीरात साखर-चरबीचा कारभार पाहणाऱ्या संप्रेरकांची पातळी बरीच वेगळी असू शकते. त्यातला एक मुलगा आणि दुसरी मुलगी असेल तर ती वेगळी असते, आणि दोघांचे पूर्वज जगाच्या वेगवेगळ्या भागांतले असतील तरीही वेगळी असते. हे एकदा समजून घेतले की "पोर तर काटकुळे आहे, त्याला कसली साखर?" हे पेडण्यापासून फोंड्यापर्यंत घरोघरी ऐकू येणारे वाक्य किती फसवे आहे ते लक्षात येते.

या कारभारातले सर्वांत परिचित संप्रेरक म्हणजे इन्शुलिन. स्वादुपिंडात तयार होणारे हे द्रव्य १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात वेगळे काढण्यात आले. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायू, यकृत आणि चरबी यांच्याकडे पोचवण्याचे काम ते करते. काही जणांच्या पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताना आपण आपोआप आवाज चढवतो, तसे मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडू लागते. या अवस्थेला इन्शुलिन-रोध म्हणतात. तिच्यात साखरेचा आकडा कित्येक वर्षे निर्दोष राहतो, कारण चढलेले इन्शुलिन तो सांभाळून धरत असते. साखर वाढलेली दिसते ती स्वादुपिंड थकू लागल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा.

दुसरे संप्रेरक लेप्टिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचा जनुक शोधला, तोवर चरबी म्हणजे निव्वळ साठा अशीच समजूत होती. चरबीच्या पेशी लेप्टिन रक्तात सोडतात आणि शिल्लक साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. हे संप्रेरक जन्मतःच तयार होत नसेल तर मुलाची भूक भागतच नाही. इंग्लंडमध्ये एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन मुलांमध्ये हा दोष १९९७ साली प्रथम सिद्ध झाला. मात्र असे रुग्ण फार विरळा. सामान्यतः स्थूल व्यक्तीच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो. तिसरे अ‍ॅडिपोनेक्टिन. तेही चरबीतूनच येते, परंतु त्याची चाल उलटी आहे. चरबी वाढली, विशेषतः पोटाच्या आत वाढली, की ते घटते. इन्शुलिनला मदत करणारे हे द्रव्य असल्यामुळे त्याची कमतरता ही धोक्याची खूण मानली जाते. पोटातून येणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ साली जपानी संशोधकांना सापडले. या लेखात त्याचा उल्लेख पुढे एकदाच येईल.

आता मुलगे आणि मुली यांच्यातला फरक पाहू, कारण तो सर्वांत आधी दिसतो. बाळ जन्मल्यावर नाळेतले रक्त तपासले तर मुलींमध्ये लेप्टिन मुलग्यांपेक्षा जास्त आढळते. बालपणी हे अंतर थोडे असते, पण वयात येताना ते झपाट्याने वाढते. मुलींच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढते, मांड्या आणि नितंब यांच्यावर कातडीखालची चरबी साठते आणि त्याबरोबर लेप्टिन चढत जाते. मुलग्यांमध्ये सुरुवातीला ते थोडे वाढते आणि टेस्टोस्टेरॉनचा जोर वाढू लागला की खाली येते. प्रौढपणी स्त्रियांमधले लेप्टिन पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि त्याचे कारण निव्वळ चरबी जास्त असणे हे नाही. चरबी सारखी धरून हिशेब केला तरी अंतर उरतेच. अ‍ॅडिपोनेक्टिनचेही असेच आहे. टेस्टोस्टेरॉन त्याला दाबते, म्हणून वयात येणाऱ्या मुलग्यांमध्ये ते घसरते आणि मुलींमध्ये तुलनेने वरच राहते. मुलीचे शरीर आपला साठा इतक्या काटेकोरपणे मोजते याला कारण आहे. साठा फारच आटला, मग ते अतिरेकी डाएटिंगमुळे असो किंवा पुरेसे न खाता केलेल्या कठोर खेळाच्या सरावामुळे, तर लेप्टिन खाली जाते आणि पाळी थांबू शकते.

एवढे वाचून मुलींचे पारडे जड आहे असे वाटेल, पण इन्शुलिन वेगळी गोष्ट सांगते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकाच्या जोरामुळे मुलगे आणि मुली दोघांचीही इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि वाढ पुरी झाली की बहुतेकांमध्ये पूर्ववत होते. ही निसर्गक्रमातली गोष्ट आहे. तिला आजार समजण्याचे कारण नाही. तथापि इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे २००० साली सुरू झालेल्या 'अर्लीबर्ड' अभ्यासात पाच वर्षांच्या, म्हणजे वयात येण्यास बराच अवकाश असलेल्या मुलींमध्येही इन्शुलिन-रोध मुलग्यांपेक्षा जास्त आढळला. पुढे अमेरिकेत किशोरवयात टाइप-२ मधुमेह झालेल्या ६९९ मुलांवर 'टुडे' नावाची मोठी उपचार-चाचणी झाली, तीत जवळजवळ दोन तृतीयांश मुली होत्या. त्यात आणखी एक गुंता आहे. मुली मुलग्यांच्या एक-दोन वर्षे आधी वयात येतात. त्यामुळे सातवीच्या वर्गात शेजारी बसलेल्या मुलाची आणि मुलीची पातळी ताडून पाहणे म्हणजे वाढीच्या दोन निराळ्या टप्प्यांची तुलना करणे होय. म्हणून चांगल्या अभ्यासांत नुसते वय न पाहता मूल वयात येण्याच्या कोणत्या पायरीवर आहे हेही नोंदवले जाते. ज्या अहवालात ही नोंद नसेल, त्यातल्या मुलगा-मुलगी तुलनेवर मी तरी फारसा भरवसा ठेवत नाही.

वंशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि आपल्याला अधिक जवळचाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा पुण्याकडची बाळे बरीच हलकी भरली: सरासरी सुमारे २.७ किलो, तर तिकडची सुमारे ३.५ किलो. पण हे वजन सगळीकडून सारखे कमी नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, तर पाठीवर खवाट्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच होती. अशाच दुसऱ्या तुलनेत नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही जास्त निघाले. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीकडे झुकलेला असा हा देह जन्मापासूनचाच होता, आणि ज्या बाळाकडे पाहून कुणीही "अगदीच नाजूक आहे" म्हणेल त्याच्या रक्तात ते आधीच लिहिलेले होते.

याच डॉ. याज्ञिकांचे आणि त्यांचे लंडनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांसाठी परदेशी मोजपट्ट्या जशाच्या तशा का चालत नाहीत, हे इतक्या कमी जागेत सांगणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मुलांविषयीचा ठोस पुरावा इंग्लंडमधूनच आला. लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर इथल्या शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या सुमारे ४,८०० मुलांची तपासणी झाली आणि २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी मूळ असलेल्या मुलांमध्ये उपाशीपोटीचे इन्शुलिन गोऱ्या मुलांपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होते, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी जास्त होती आणि गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडाही किंचित वर होता. ही मुले अजून कुठल्याही अर्थाने आजारी नव्हती. ती शाळेत जात होती, खेळत होती. आपल्याकडून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहिलेल्या कुटुंबांतली मुले तिकडच्या दवाखान्यात नाव नोंदवताना 'आशियाई, भारतीय' हाच रकाना भरतात, तेव्हा तिथला डॉक्टर त्यांच्या वजनाकडे थोड्या कडक नजरेने का पाहतो, याचे कारण अशा अभ्यासांत आहे.

आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्येही इन्शुलिन जास्त असते, मात्र तिथली वाट निराळी आहे. स्वादुपिंडातून निघालेल्या इन्शुलिनपैकी जवळजवळ निम्मे यकृतातून जाताना पहिल्याच फेरीत गाळले जाते. अमेरिकेतल्या अभ्यासांत असे दिसले की आफ्रिकी वंशाच्या मुलांचे स्वादुपिंड साखरेला अधिक जोरदार प्रतिसाद देते आणि त्यांचे यकृत इन्शुलिन कमी गाळते. अ‍ॅडिपोनेक्टिन त्यांच्यात गोऱ्या मुलांपेक्षा कमी असते, पण ट्रायग्लिसराइड्स आपल्या मुलांप्रमाणे वाढलेली नसतात, उलट कमी असतात. त्यामुळे 'गोरे नसलेले' म्हणून सगळ्यांना एका गाठोड्यात बांधणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. इन्शुलिनचा चढा आकडा दोघांत सारखा दिसला तरी तो चढण्याची कारणे आणि त्याच्या सोबत येणारी लक्षणे वेगळी असतात.

हे सगळे जन्मजात म्हणायचे का? माझ्या मते इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. अ‍ॅरिझोनातील पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक म्हणून गाजले, तेव्हा पुष्कळांनी बोट जनुकांकडे दाखवले. पण त्यांचेच रक्ताचे नातलग सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात शेती करून राहतात. दोन्हीकडची तपासणी केली असता अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, तर मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९ टक्के निघाला. वंश एकच असून शेतातली मेहनत आणि ताटातले अन्न यांनी एवढा फरक केला. पुण्याच्या अभ्यासातही असेच एक कारण हाती लागले. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त असेल, तर तिच्या मुलामध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध अधिक आढळला. आता बी-१२ मासळी, अंडी आणि दूध यांतून मिळते. सोमवार आणि श्रावण सोडले तर एरवी रोज मासे शिजणाऱ्या गोमंतकीय घराला पुण्याजवळच्या मुख्यतः शाकाहारी खेड्याचे हे कारण जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे सकाळचा पाव, दुपारी भरपूर शीत म्हणजे भात आणि संध्याकाळी पुन्हा बेकरीतलेच काही, अशी पिष्टमय पदार्थांची रेलचेल आहे. शिवाय ज्या शाळेला आधीची पिढी शेताच्या बांधावरून चालत जात असे, तिथे न्यायला आता दारात बालरथ, म्हणजे शाळेची बस येते. ही सोय मुलांना, विशेषतः मुलींना, शिक्षणासाठी हवीच होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र रक्तातली साखर सर्वांत जास्त खेचून घेणारा अवयव स्नायू हा आहे, आणि चालताना-धावताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत घेतो. जन्मतःच स्नायू कमी घेऊन आलेल्या मुलाचे चालणे बंद होणे हे धिप्पाड मुलाचे चालणे बंद होण्यापेक्षा अधिक महाग पडते. याच कारणामुळे गावच्या मैदानावर रोज तासभर फुटबॉल खेळणाऱ्या पोराचे वजन तसूभर न बदलताही त्याच्या इन्शुलिनवरचा भार उतरू शकतो.

सरासरीचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. एका गटाची सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आहे याचा अर्थ त्या गटातले प्रत्येक मूल वर आहे असा होत नाही. दोन्ही गटांतली बहुतांश मुले एकाच पट्ट्यात येतात आणि टोके तेवढी सरकलेली असतात. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. वंश हा डॉक्टरला 'इथे जरा लक्ष दे' एवढे सुचवतो. समोरच्या मुलाचे निदान त्यातून होत नाही. उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते, ती म्हणजे एका गटावरचे निष्कर्ष सर्वांना लागू करणे. झोप कमी झाली की घ्रेलिन वाढते, लेप्टिन घटते आणि भूक खवळते हे आपण वारंवार वाचतो. २००४ साली शिकागोतून आलेला यामागचा गाजलेला प्रयोग मोलाचा आहे, पण तो १२ निरोगी तरुणांवर झाला होता आणि ते सगळे पुरुष होते. ज्या संप्रेरकाची पातळी बाईत आणि पुरुषात दुप्पट-तिपटीने वेगळी, त्याच्याविषयी मुलींना सल्ला देताना हे लक्षात ठेवायला हवे.

घरातल्या माणसांनी यातून काय घ्यावे, ते आता पाहू. लेप्टिन किंवा अ‍ॅडिपोनेक्टिन तपासून घेण्यासाठी प्रयोगशाळेत धावण्याची गरज नाही. मुलांसाठी त्यांच्या सर्वमान्य मर्यादा ठरलेल्या नाहीत आणि आकडा हाती आला तरी उपचार त्यावर ठरत नाही. उपाशीपोटीचे इन्शुलिन मोजले तर इन्शुलिन-रोधाचा एक हिशेब मांडता येतो, तो १९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दिला: साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. डिचोलीतल्या एखाद्या शाळेत आठवीत शिकणारे दोन मुलगे कल्पा. दोघांचीही उपाशीपोटीची साखर ९०, म्हणजे अगदी निकोप. एकाचे इन्शुलिन ९ आहे, त्याचे उत्तर २ येते. दुसऱ्याचे १८ आहे, त्याचे ४. साखरेच्या कागदावर दोघे जुळे भाऊ शोभतील, पण दुसऱ्याच्या स्वादुपिंडाला तीच साखर राखण्यासाठी दुप्पट राबावे लागते आहे. आठवीच्या वयात हा आकडा निसर्गतःच चढतो हे वर आलेच आहे, म्हणून त्याचा अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे.

पैसे न मोजता दिसणारी एक खूण मात्र प्रत्येक आईला ठाऊक असावी. मुलाच्या मानेच्या मागे, काखेत किंवा कोपराच्या आत कातडी काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी दिसू लागते. घरात ती मळ समजली जाते आणि आंघोळीच्या वेळी काथ्याने खसाखसा घासली जाते. घासून ती जात नाही, नुसती लाल होऊन झोंबते, आणि पोराला स्वच्छ न राहिल्याबद्दल बोलणी खावी लागतात ती वेगळीच. हा मळ नव्हेच. रक्तात वाढलेले इन्शुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावते, त्यामुळे ती जाड आणि काळी होते. सावळ्या रंगात ही खूण चटकन ध्यानात येत नाही, म्हणून मान उजेडात धरून मुद्दाम पाहावी.

दुसरी तपासणी दोऱ्याची. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्यावा, त्याची बरोबर निम्म्यावर घडी घालावी आणि ती बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळावी. टोके भिडली नाहीत तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि वजनकाटा काहीही म्हणो, पोटात चरबी साठते आहे. दंड-पाय काटकुळे आणि पोट पुढे अशी आपल्याकडची पुष्कळ मुले या दोऱ्यात सापडतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षे वयासाठी जे वाढीचे तक्ते केले, त्यांत जादा वजनाची रेघ प्रौढांच्या २३ या बीएमआयशी जुळवलेली आहे. पाश्चात्त्य मोजणीत ती २५ असते. परदेशी अ‍ॅपवर मुलाचे वजन 'ठीक' दिसले म्हणून गाफील राहू नये, ते यासाठी.

मुलींच्या बाबतीत पाळी हीसुद्धा एक खूण आहे. इन्शुलिन वाढले की अंडाशय पुरुषी संप्रेरके जास्त तयार करू लागतात. मग पाळी लांबते, ओठांवर आणि हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-एक वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, पण त्यानंतरही महिनोन्‌महिने येत नसेल तर "लग्न झाले की होईल सुरळीत" असे म्हणून ती गोष्ट झाकून ठेवणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. तिची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब त्याच वेळी तपासायला हवेत, मग ती कितीही सडपातळ असो. आईला किंवा वडिलांना मधुमेह असेल, आईला गरोदरपणी साखर निघाली असेल, मानेवर काळी कातडी असेल किंवा दोऱ्याची टोके भिडत नसतील, तर मुलगा असो वा मुलगी, वयाच्या दहाव्या वर्षी किंवा वयात येऊ लागताच, यांतले जे आधी होईल तेव्हा, एकदा बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

या तपासणीत मुलींसाठी एक सावधगिरी आहे, जी पुष्कळदा सुटून जाते. एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर आधारलेली असल्यामुळे लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झाला असेल तर साखर नेहमीसारखी असूनही तिचा आकडा फुगलेला येऊ शकतो, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये लोहाची कमतरता अगदी सर्रास असते. म्हणून अशा मुलीचा आकडा ५.७ टक्क्यांच्या वर गेला तर आधी हिमोग्लोबिन पाहावे, उपाशीपोटीच्या साखरेशी तो ताडून घ्यावा, आणि लोह भरून निघाल्यावर काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी.